तू गाडी देऊन टाकलीस म्हणून

चिखली, १८ नोव्हेंबर

सागरदादा,

भागवत आज दुपारी मंडईत भाजी उतरवून माझ्याकडे आला होता. हातात पेढ्याचा पुडा. सुलतानपूरच्या शाळेत तुझ्या बाकावर बसणारा भागवत, अजून तसाच दारातूनच ओरडत येतो.

"प्रतू, तुह्या भावानं मले त्याची मोटारसायकल देऊन टाकली वं! पैशाचं नाव काढू देत नाही. पान्यांची पेटी बाजूच्या गॅरेजवाल्याले दिली. अन् तुले निरोप हाय. म्हणे, प्रतूले सांग, माहा तिच्यावर काही राग नाही, तिनं सुखात राहावं. घे, तोंड गोड कर. इतक्या वर्षांचा अबोला मिटला!"

मी पेढा हातात घेतला. खाल्ला नाही.

"दादा कुठे चाललाय का?" मी विचारलं.

"कुठी नाही. लय शांत दिसला. इतका शांत म्या त्याले कधी पाह्यलाच नाही."

भागवत त्या शांतपणावर खूश होता. मी मात्र उंबऱ्यावर बसले.

दादा, मेकॅनिक माणूस पान्यांची पेटी देत नाही. शेजाऱ्याला एक पाना उसना दिला तरी तू संध्याकाळी मागायला जायचास. आणि माझ्यावर राग नाही हे सांगायला तुला इतकी वर्षं का लागली, आणि आत्ताच का सुचलं, हे मला कळतं. कसं कळतं ते आज लिहीत नाही.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी तुझ्याशी बोलताना माझी वाचा बसते, म्हणून पत्र. शाळेतल्या मराठीत लिहिते, म्हणजे सगळं लिहून होईल.

आडून विचारत नाही. तू मरायचं ठरवलं आहेस का? असेल तर हो म्हण. मी ओरडणार नाही, शपथा घालणार नाही, लोक काय म्हणतील हेही म्हणणार नाही. फक्त मला सांग, आणि सांगितल्याशिवाय काही करू नकोस.

भागवतला मी हेच सांगितलं, तर तो चिडला. "काहीच्या काही काय बोलून राह्यली? असं बोललं की तसं होते."

"बोलल्यानं होत नाही रे. कोणी विचारत नाही म्हणून होतं."

पेढ्याचा पुडा त्यानं परत पिशवीत टाकला. देऊळगाव राजाला तुझ्याकडे मुक्कामाला येईन म्हणाला. हे पत्र तोच आणेल, कांद्याच्या भावाचं निमित्त सांगेल. निमित्त आहे हे तुला माहीत असू दे, पण त्याला हाकलू नकोस.

मी बरी आहे. दुकानात जाते. माझी काळजी नको.

प्रतीक्षा


चिखली, २० नोव्हेंबर

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. "मी मजेत आहे. पत्रं पाठवू नको. दुकानात लक्ष दे."

भागवतनं मात्र बाकीचंही सांगितलं. तू माझं पत्र शटरखाली उभ्या उभ्या वाचलंस, परत पहिल्यापासून वाचलंस, आणि त्याला विचारलंस, "तिले कोणं सांगतलं?"

हे काय वेड्यासारखं लिहिलंय, असं तू म्हणाला नाहीस. कोणी सांगितलं, असं विचारलंस. मला उत्तर मिळालं.

मग आता माझंही खरं ऐक. मी दुकानात जाते हे खोटं होतं. कापड दुकानातली नोकरी सुटून वर्ष उलटलं. एकदा एका गिऱ्हाइकानं वरच्या फळीवरचा गठ्ठा दाखवायला हात वर केला, तर मी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसले. सगळं दुकान हसलं. तो बिचारा घाबरला. त्यानंतर मला दुकानात जायला नको वाटू लागलं. मग बाजारात जाणं बंद झालं. मग नळावर. बसमध्ये चढायचं म्हटलं की मागून कोणीतरी येतंय असं वाटून पाय लाकडाचे होतात. खोलीत निजून राहायची. केस विंचरायचे तर कंगवा जड वाटायचा. तू म्हणशील, आळस. मीही तेच म्हणत होते.

हर्षल नावाच्या मुलाशी माझं लग्न ठरलं होतं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. सरळ माणूस. त्याला मी दिवसभर फोन करायची. रागावलात का? खरंच नाही ना रागावलात? तो नाही म्हणाला की आवाजातून राग शोधायची. एक दिवस तो थकल्या आवाजात म्हणाला, "प्रतीक्षा, मी काय केलं म्हणजे तुझा विश्वास बसेल?" त्याच संध्याकाळी मी लग्न मोडलं. त्यानं मोडायच्या आधी.

तुझं उलटं. तू कोणाला जवळच येऊ दिलं नाहीस. ताप आला तर गॅरेजचं शटर ओढून आत पडून राहतोस, असं भागवत सांगतो. मला कोणी हातभर दूर गेलेलं चालत नाही, तुला कोणी हातभर जवळ आलेलं चालत नाही. शिकवणारा माणूस एकच.

बाबा ज्यानं मारायचे तो दोर मला तितका आठवत नाही, दादा. दुसऱ्या दिवशीची जिलेबी आठवते. वांग्याच्या वाफ्यात तुला लोळवेपर्यंत मारायचे आणि सकाळी जिलेबीचा कागद घेऊन यायचे, तुला मांडीवर घ्यायचे, "माहा वाघ" म्हणायचे. मार समजायचा. जिलेबी समजायची नाही. अजून कोणी गोड बोललं की माझ्या पाठीला घाम येतो.

आई होती तोवर ती मधे पडायची. ती गेल्यावर तू मधे पडू लागलास. माझ्या वाट्याचा मारही तूच खायचास. मग मी नववीत असताना तू न सांगता निघून गेलास, आणि ते सगळं माझ्याकडे आलं. तू बरं केलंस असं मी कधी म्हणणार नाही. पण राहिला असतास तर तू वाचला नसतास, हेही मला माहीत आहे. या दोन्ही गोष्टी माझ्या पोटात एकमेकींशेजारी बसलेल्या असतात. मी आता त्यांना भांडायला लावत नाही.

तुमच्या गावच्या यात्रेत काय झालं ते मला भागवतकडून कळलं. बाबा बालाजीच्या दर्शनाला आले होते. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. हल्ली गावात कीर्तनाला टाळ धरून उभे राहतात, शालिग्रामबुवा म्हणतात त्यांना. तुझ्या गॅरेजवर आले, चार माणसांत तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि रडले. लोक म्हणाले, बापच हाय तो, पाया पड. तू पाया पडलास.

तो हात डोक्यावर आला तेव्हा तू किती वर्षांचा झालास, दादा? मी असते तर सहा वर्षांची झाले असते. लोकांना म्हातारा दिसला. तुला दोर दिसला असेल. आणि मग वाटलं असेल की जगाला दिसत नाही ते मलाच दिसतं, तर खोट माझ्यातच.

आता राहिलेलं. गेल्या वर्षी पोळा झाल्यावर मी स्वतःला संपवायला निघाले होते. कसं ते लिहीत नाही. त्याआधी मी फार शांत झाले होते. चांगल्या साड्या वाटून टाकल्या. तुळशीची कुंडी घरमालकीण विमलबाईंना दिली. विमलबाई खाली राहतात, कॉलेजच्या पोरांचे डबे करतात, पौर्णिमेला विहारात जातात. माझं त्यांच्याशी भाड्यापुरतं बोलणं. त्यांनी कुंडी घेतली आणि म्हणाल्या, "काऊन देऊन राह्यली वं? कुठी चालली?" मी हसले. त्या संध्याकाळी त्या कुंडी परत घेऊन वर आल्या. "माह्या इथी ऊन येत नाही," म्हणे. खोटंच ते, त्यांचं अंगण उन्हानं भरलेलं असतं. त्या आल्या म्हणून मी आहे.

बुलडाण्याच्या सरकारी दवाखान्यात मी त्यांना काय काय बोलले. निघून जा म्हटलं. गेल्या, आणि डबा घेऊन परत आल्या. तुमचा काय संबंध, म्हटलं. "काही नाही," म्हणाल्या, "भाजी गरम हाय तवर खाऊन घे." मारून गोड बोलायला येणारं माणूस मले माहीत होतं. शिव्या खाऊन परत येणारं माणूस म्या पहिल्यांदा पाह्यलं. मी पुन्हा पुन्हा जा म्हणत होते, त्या पुन्हा येतात का ते बघायला.

बघ, बोली आलीच हातात. असू दे.

अनुपमा मॅडम तिथल्या डॉक्टर आहेत. गोळ्या देतात, महिन्यातून एकदा बोलतात; विमलबाई मला ओळखीच्या रिक्षानं नेतात. पहिल्याच वेळी त्यांनी सरळ विचारलं, अजून मरावंसं वाटतं का? मी हो म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत." तेवढ्यावर मी किती रडले. तू चल. मी तुला नेते. मन फारच फिरलं तर १४४१६ हा मदतीचा नंबर लाव, फुकट आहे, कोणी ना कोणी उचलतं.

हो की नाही ते भागवतला सांग. तुझी एकच ओळ पुरेल.

प्रतू


चिखली–जालना बसमध्ये, २२ नोव्हेंबर

दादा,

अक्षर वाकडं येईल, बस हलते आहे.

सकाळी भागवतचा फोन आला. तू शटर आतून लावून घेतलं आहेस. हाक मारली तर "जा तू" म्हणतोस, पण उघडत नाहीस. भागवत रडायच्या बेतात होता. मी सांगितलं, तिथून हलू नको. बोलत राहा. काहीही बोल, पण तो एकटा आहे असं त्याला वाटू देऊ नको.

मग मी विमलबाईंना हाक मारली. बायकांना, माणसांना हाक मारायची मला सवय नाही. तीन घोट पाणी प्यायले तेव्हा आवाज निघाला. त्यांनी गॅस बंद केला.

"तुमच्या डब्यांचं?"

"पोट्टे खातील एक दिवस बाहेर. उपाशी मरत नाहीत. चाल."

पहिली बस माझ्यासमोरून गेली. पायरीवर पाय ठेवला आणि मागून कोणी तरी "चढा ना बाई" ओरडलं, माझा पाय खाली आला. दुसरी बस लागली तेव्हा विमलबाई माझ्या मागे उभ्या राहिल्या, दोन्ही कोपरं बाहेर काढून. "आता मागं मीच हाय," म्हणाल्या. "दुसरं कोणी नाही."

मी बसले आहे. खिडकीजवळ. देऊळगाव मही मागे गेलं. उलटी येते की काय असं होतंय. येऊ दे.

हे पत्र मी कोणाजवळ देत नाही. मीच आणते.


बुलडाणा, २ डिसेंबर

दादा,

भेटायच्या वेळी तू भिंतीकडे तोंड करून पडतोस, म्हणून पुन्हा कागद. सिस्टर म्हणाल्या, उशीखाली ठेवते. वाटलं तर वाच. राग येत असेल तर तोही मला चालतो. मला त्याचा अनुभव आहे, गेल्या वर्षी अशाच पलंगावर मी होते.

तू म्हणालास, त्या दिवसाचं काही आठवत नाही. मला आठवतं.

भागवत तुझ्या शटरपुढे जुन्या टायरवर बसून बोलत होता. घसा पार बसला होता त्याचा. कोणाचा कांदा चाळीत सडला, कोणाच्या म्हशीला रेडा झाला, कोणाच्या पोरीनं पळून जाऊन लग्न केलं. सकाळपासून त्याच्या बोलण्यात खंड नव्हता. मला पाहिलं तसा तो गप्प झाला आणि तोंड फिरवून डोळे पुसायला लागला.

मी शटरला हात लावला. "दादा, मी प्रतू."

आत काही हललं. मग तुझा आवाज आला. "तू इथी कशी आली?"

"बसनं."

"तुले तर बसचं भेव वाटते ना. तू लिहिलं होतं."

म्हणजे तू सगळं वाचलं होतंस.

"वाटते. आताही वाटून राह्यलं. अन् मले लघवी लागली. चिखलीपासून लागली. इथी बाईमाणसाले कुठी जागा नाही. शटर उघड."

काय काय बोलायचं ते मी बसमध्ये ठरवत आले होते, आणि तोंडातून हे निघालं. पण शटर उघडलं. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. तू मागच्या मोरीकडे बोट दाखवलंस आणि म्हणालास, "कडी लागत नाही. म्या बाहेर उभा राह्यतो." लहानपणी शेतात उभा राहायचास तसाच, पाठ करून.

मी बाहेर आले तेव्हा तू खाली बसला होतास. "मले काहीच नको, प्रतू," म्हणालास. "फक्त हे थांबलं पाहिजे."

मी समजावलं नाही. मला समजावलेलं आवडायचं नाही. तुझ्याजवळ बसले, तेवढंच. भागवतनं जे तिथून काढून न्यायला हवं होतं ते काढून नेलं. मग त्याच्या भाजीच्या गाडीत, मागे कोथिंबिरीच्या वासात, आपण इथे आलो. घाटात तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलास. इतका जड झाला आहेस तू.

आता दुसरी गोष्ट, जी तुला सांगायची की नाही ते मी ठरवत होते. अनुपमा मॅडमना विचारलं. म्हणाल्या, सांगा, त्याला कळलं पाहिजे.

परवा बाबा आले होते. गावातले दोघं सोबत, हातात केळी.

"माह्या पोराले पाहाले आलो."

तुला आठवत असेल, ते येणार असं कळल्यावर त्या सकाळी मी तुला विचारलं होतं, बाबांना येऊ द्यायचं का? तू भिंतीकडे बघून मान हलवलीस. नाही.

मी वॉर्डच्या दारात उभी राहिले. "त्याला विचारलं. तो नाही म्हणाला."

"बापाले पोरगी अडवते?" असं म्हणत त्यांनी हात वर केला. कदाचित उपरणं सावरायला असेल. मी वाकले. डोक्यावर दोन्ही हात, दुकानात झालं होतं अगदी तसं. मला वाटलं, संपलं, आता हे आत जाणार.

पण पाय दारातून हलले नाहीत, दादा. मी वाकलेली होते आणि दारातच होते.

सोबतचा एक जण म्हणाला, "अवं पोरी, म्हातारं माणूस हाय, जाऊ दे ना त्याले."

मी तशीच वर बघून म्हटलं, "मी काऊन वाकली, ते त्यांले विचारा."

ते दोघं बाबांकडे बघायला लागले. बाबा बाकावर केळी ठेवून जिना उतरले. माळ चाचपत होते. मला त्यांची दया आली का? आली, थोडी. त्यानं काही बदललं नाही.

केळी विमलबाईंनी वॉर्डमधल्या पोरांना वाटून टाकली.

त्यांना माफ करायचं की नाही, हा प्रश्न तू आज सोडवू नकोस. कोणी विचारलं तर माझं नाव सांग. म्हणावं, ती दारात उभी आहे.

प्रतू


चिखली, १९ जानेवारी

दादा,

तुझं पत्र आलं. पोस्टानं! पोस्टमन वरपर्यंत आला, मी त्याला चहा विचारला. तो घाई आहे म्हणाला, पण मी विचारलं, हे तू लक्षात घे.

भागवत म्हणतो, तू दवाखान्यातून परतल्यावर त्यानं गाडी परत आणून लावली, पान्यांची पेटीही आणून दिली, आणि तू पेटी उघडून पाने मोजलेस, एक कमी निघाला म्हणून शेजाऱ्याशी भांडलास. फार बरं वाटलं. भांड.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, असं तू लिहिलंस. माझंही पडायचं. पुढच्या वेळी मॅडमना सांग, त्या बदलून देतात. स्वतःच्या मनानं बंद करू नकोस.

तू विचारलंस, "सकाळी उठून तू काय करते?" दादा, माझ्या जगण्याबद्दल तू पहिल्यांदाच काही विचारलंस, म्हणून नीट उत्तर देते.

सकाळ वाईटच असते. डोळे उघडले की छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं असतं. कशाला उठायचं, हा आवाज येतो. अजून येतो, गेलेला नाही. पूर्वी मी त्याच्याशी वाद घालायची आणि हरायची. आता उत्तर देत नाही. चहा ठेवते. तो उकळेपर्यंत काहीही ठरवायचं नाही, जगायचंही नाही आणि मरायचंही नाही, असा माझा नियम. मग कप घेऊन खाली जाते. विमलबाई कणीक मळत असतात. त्या म्हणतात, "आली का?" मी म्हणते, "आली." बाकी काही बोलणं होतंच असं नाही. त्या पोळ्या लाटतात, मी डब्यांना झाकणं लावते. शेवटच्या डब्यापर्यंत पोतं थोडं हललेलं असतं. काही दिवशी हलत नाही. त्या दिवशी मी सांगते, आज हललं नाही, आणि त्या मला एकटं वर जाऊ देत नाहीत.

दुपारी अर्धा दिवस दुकानात जाते. मालकानं परत घेतलं. वरच्या फळीचं काम दुसरी मुलगी करते, हे मी त्यांना सांगून टाकलं. त्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तुझ्याकडे विमलबाई नाहीत, हे मला माहीत आहे. पण समोरच्या टपरीवाल्याला रोज सकाळी तोंड दाखव. चहा नको असला तरी. एखाद्या दिवशी तू गेला नाहीस तर त्यानं शटर वाजवावं, एवढी ओळख झाली पाहिजे.

पत्राच्या शेवटी, सही केल्यानंतर, तू वेगळ्या पेननं एक ओळ लिहिली आहेस. "रविवारी गॅरेज बंद असतं." ये असं लिहिलं नाहीस. मी कितीदा तरी वाचली ती ओळ.

समजलं. जेवायला येते. वांगी तूच कर, तिखट.

प्रतू